लेओश यानाचेक: बोलण्यातले सूर वेचणारा संगीतकार

चेक संगीत म्हटलं की स्मेताना आणि ड्वोरझाक ही दोन नावं पटकन आठवतात. तिसरं नाव लेओश यानाचेकचं. ते बहुतेकांच्या कानावर उशिरा पडतं, आणि पडल्यावरही त्याचं संगीत पहिल्या फेरीत फारसं जवळ येऊ देत नाही. धून सुरू होते न होते तोच तुटते. चार-पाच स्वरांचा एखादा तुकडा हट्टाने पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि कसलीही चाहूल न देता दुसराच तुकडा त्याच्या अंगावर येतो. व्हायोलिनं अगदी वरच्या टोकाला, ट्रॉम्बोन पार तळाला, मधली जागा मोकळी. सावकाश फुलत जाणाऱ्या लांब सुरावटींची सवय असलेल्या कानाला हे खडबडीत वाटतं.

या खडबडीतपणाचं मूळ एका सवयीत आहे. साधारण १८९७पासून १९२८मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, हा माणूस खिशात वही ठेवून लोकांचं बोलणं स्वरलिपीत उतरवून घेत होता. रस्त्यावरच्या गप्पा, फेरीवाल्यांच्या हाका, मुलांची भांडणं, अनोळखी लोकांचं नमस्कार-चमत्कार. वर पाच रेघांवर सूर आणि खाली शब्द. जोडीला बरेचदा नोंद असे: कोण बोललं, कुठे, कोणत्या वेळी, हवा कशी होती. अशी हजारो टिपणं मागे राहिली आहेत. ही सवय नीट समजली की त्याचं आयुष्य आणि त्याचं संगीत दोन्ही उलगडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बोलण्याला चाल असते

‘हो’ हा शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. कुणी फोनवर पत्ता सांगत असताना आपण मधेमधे म्हणतो तो ‘हो’ सपाट असतो. अनपेक्षित चांगली बातमी कळल्यावरचा ‘हो?’ खालून उचलला जातो आणि वर जाऊन थांबतो. दहाव्यांदा तीच सूचना ऐकल्यावर निघणारा ‘हो...’ वरून खाली घसरत येतो. शब्द तोच, पण स्वरांची उंची, त्यांचं अंतर आणि वेळ बदलली की अर्थ बदलतो. बोलणाऱ्याने लपवायचं ठरवलेलंही त्या चालीतून बाहेर पडतं.

यानाचेक नेमकं हेच टिपत होता. बोलण्यातल्या या छोट्या सुरावटी म्हणजे माणसाच्या मनात डोकावायच्या खिडक्या आहेत, असं तो मानायचा. पुढे पुढे तर सेकंदाचे बारीक अंश मोजणारं शास्त्रीय उपकरण वापरून त्याने उच्चारांचा काळही मोजला. पक्ष्यांचे आवाज तो तितक्याच मन लावून लिहून घ्यायचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वहीतली ही टिपणं उचलून त्याने आपल्या ऑपेरात चिकटवली नाहीत. तसं करणं त्याला पटतच नव्हतं. ज्याच्या तोंडून तो सूर निघाला, त्याच्या त्या क्षणाची ती मालमत्ता. टिपणं हा त्याचा रियाज होता. घाबरलेला माणूस कसा बोलतो, खोटं बोलणारा कुठे अडखळतो, आईचा आवाज कधी चढतो, हे त्याने इतकं ऐकलं की पात्र रंगमंचावर तोंड उघडायच्या आत त्याला त्या पात्राचा सूर माहीत असायचा.

शिवाय ज्या भाषेत तो हे ऐकत होता तिचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. चेकमध्ये शब्दाचा आघात ठरलेला, नेहमी पहिल्या अक्षरावर. ऱ्हस्व-दीर्घ मात्र त्याहून स्वतंत्र, त्यामुळे आघात एका अक्षरावर आणि लांबी दुसऱ्याच अक्षरावर असं सतत होतं. यानाचेक ईशान्य मोराव्हियातला (मोराव्हिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पूर्वेकडचा प्रांत). तिथल्या ‘लाख’ नावाच्या बोलीत दीर्घ स्वर जवळपास नाहीतच आणि आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर. म्हणजे बोलणं आखूड, तोडून तोडून. त्याच्या संगीतातले ते छोटे, झटकन संपणारे तुकडे ऐकताना हे लक्षात ठेवावं. त्याचा जन्मापासूनचा कानच तसा घडला होता.

शिक्षकाचा मुलगा, मठातला विद्यार्थी

३ जुलै १८५४ रोजी हुक्वाल्दी नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. गाव टेकडीवरच्या पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात. वडील गावच्या शाळेत शिक्षक, आजोबाही शिक्षक. त्या काळी तिकडच्या गावात शिक्षक म्हणजे चर्चमधला वादक आणि गायनाचा गुरूही, त्यामुळे घरात संगीत होतं, पैसा नव्हता. ११ वर्षांच्या लेओशला ब्र्नो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात गायक-विद्यार्थी म्हणून पाठवण्यात आलं. राहणं-खाणं-शिक्षण मठाचं, बदल्यात चर्चमध्ये गायचं. वर्षभरातच वडील वारले.

मठातल्या या मुलांना निळा गणवेश असायचा. सत्तरीत लिहिलेल्या ‘म्लादी’ म्हणजे ‘तारुण्य’ या वाद्यरचनेत त्याने या निळ्या पोरांची आठवण जागवली आहे. त्याला शिकवणारे पाव्हेल क्रिझकोव्स्की स्वतः चांगले समूहगीतकार होते. आणि १८६८पासून मठाचे प्रमुख होते ग्रेगोर मेंडेल, वाटाण्याच्या वेलींवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणारे तेच. मेंडेल १८८४मध्ये वारले तेव्हा अंत्यविधीच्या संगीताची जबाबदारी यानाचेकवर होती.

१८७४मध्ये तो प्रागच्या ऑर्गन स्कूलमध्ये शिकायला गेला. पियानो भाड्याने घेण्याइतकेही पैसे नव्हते. त्याने टेबलावर पट्ट्या रेखून घेतल्या आणि त्या मुक्या पट्ट्यांवर बोटं चालवत अभ्यास केला. पुढे लाइपझिग आणि व्हिएन्नातही काही काळ शिकला, पण दोन्ही ठिकाणी फार रमला नाही. १८८१मध्ये ब्र्नोत त्याने स्वतःची ऑर्गन स्कूल उभी केली आणि १९१९पर्यंत ती चालवली. त्याच वर्षी झ्डेंका शुल्झोव्हाशी लग्न केलं. ती त्याची पियानोची विद्यार्थिनी, तो शिकवायचा त्या संस्थेच्या संचालकांची मुलगी, आणि लग्नाच्या वेळी तिला सोळावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. हा संसार सुखाचा झाला नाही, आणि त्यात दोष बहुतांशी त्याचाच होता. तिचं कुटुंब जर्मन बोलणारं, हा कडवा चेक अभिमानी. ती पोरवयाची, हा तापट आणि आपल्याच धुंदीत. त्याच्या संगीतावर कितीही प्रेम असलं तरी झ्डेंकाची बाजू विसरून त्याच्याबद्दल लिहू नये असं मला वाटतं.

लोकगीतांच्या मागे

आजच्या कानाला त्याच्या तिशीपर्यंतच्या रचना बऱ्याच सरळ वाटतात. ड्वोरझाक त्याचा मित्र आणि आदर्श, दोघे पायी भटकलेही होते, आणि ती छाप दिसते. वळण आलं ते १८८०च्या दशकाच्या शेवटी. लोकसाहित्याचे अभ्यासक फ्रान्तिशेक बार्तोश यांच्याबरोबर तो मोराव्हियाची गावं पालथी घालू लागला. गाणी, नाच, वाद्यांचे तुकडे गोळा होत गेले. दोघांच्या नावावर निघालेल्या मोठ्या संग्रहात दोन हजारांहून जास्त गाणी आहेत. १९०९पासून तर तो या कामासाठी फोनोग्राफ वापरत होता.

यातून त्याला नुसत्या चाली मिळाल्या असत्या तर तो लोकसंगीतावर बेतलेले गोड नाच लिहून थांबला असता. (तसे त्याने लिहिलेही आहेत, छान आहेत.) पण गावोगावी ऐकताना त्याच्या ध्यानात आलं की ही गाणी बोलण्यातूनच उगवली आहेत. एका खोऱ्यातलं बोलणं आणि तिथलं गाणं यांची लय एकच. मग गाण्याच्या मुळाशी जायचं तर बोलणंच ऐकायला हवं. वही खिशात आली ती इथून.

येनूफा

या सगळ्या ऐकण्याचं पहिलं मोठं फळ म्हणजे ‘येनूफा’ हा ऑपेरा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यानाचेक म्हणजे काय हे या एका कृतीत पुरतं दिसतं.

गाब्रिएला प्राइसोव्हा या लेखिकेच्या ‘तिची सावत्र मुलगी’ या नाटकावर तो आधारलेला आहे. मोराव्हियातलं खेडं, पाणचक्की. येनूफाला श्तेव्हापासून दिवस गेलेत. श्तेव्हा चक्कीचा मालक, देखणा आणि दारुडा. त्याचा सावत्र भाऊ लात्सा येनूफावर जीव टाकतो आणि जळफळाटात चाकूने तिचा गाल फाडतो. गाल विद्रूप झाल्यावर श्तेव्हाचं मन उडतं. येनूफाची सावत्र आई, गावाच्या चर्चची व्यवस्था पाहणारी, करारी, सर्वांना धाकात ठेवणारी कोस्तेल्निच्का, मुलीचं बाळंतपण घरात लपवून पार पाडते. लात्सा लग्नाला तयार आहे, पण बाळाचं कळल्यावर तो बिचकतो. तेव्हा ती पटकन बोलून जाते की बाळ मेलं. आणि बोललेलं खरं करण्यासाठी बर्फाळ रात्री बाळाला घेऊन ओढ्याकडे जाते. येनूफा तेव्हा गुंगीच्या औषधाने झोपलेली. वसंतात बर्फ वितळतं आणि ऐन लग्नाच्या दिवशी बाळाचं प्रेत सापडतं. कोस्तेल्निच्का गावासमोर गुन्हा कबूल करते. येनूफा तिला क्षमा करते.

जुन्या ऑपेरांची घडण आपल्या संगीत नाटकासारखी असायची: गोष्ट पुढे सरकवणारे संवाद, आणि मधे थांबून रंगवायचं पद. यानाचेकने हा सांधाच काढून टाकला. नाटकातले गद्य संवाद पद्यात न बसवता थेट घेतले आणि सगळंच बोलणं गाण्यात आणलं. त्यामुळे माणसं खरोखर बोलतात त्या वेगाने भावना बदलतात.

दुसरा अंक पाहा. बाळाला ओढ्यावर न्यायचं ठरवण्याआधी कोस्तेल्निच्का एकटी आहे. लात्सा क्षणभरात परत येईल, आणि त्या क्षणभरात आपल्याला आयुष्यभराचं, मोक्षापर्यंतचं सगळं ठरवायचंय, हे तिला कळतं. तिची वाक्यं आखूड होत जातात, एकच शब्द ती पुन्हा उच्चारते, आवाज मधेच वर झेपावतो. वाद्यवृंद तिच्या तोंडचाच तुकडा उचलून तिच्यावर परत परत फेकतो. इथे कळतं की तुकड्यांची ती पुनरावृत्ती हे कंटाळवाणं वळण नाही. घाबरलेलं मन खरंच असं एकाच जागी आपटत राहतं. ती बाळाला घेऊन निघून जाते. मग येनूफा जागी होते, बाळ कुठाय म्हणून शोधते, आणि सगळं शांत होऊन मेरीमातेची प्रार्थना म्हणते. सोबतीला एकटं व्हायोलिन. अंकाच्या शेवटी बोचऱ्या वाऱ्याने खिडकी धाडकन उघडते आणि कोस्तेल्निच्का किंचाळते की जणू मृत्यूच आत डोकावतोय.

हा ऑपेरा लिहिला जात असताना यानाचेकच्या घरातही मृत्यू आला होता. मुलगा व्लादिमीर १८९०मध्ये दोन वर्षांचा असताना स्कार्लेट फिव्हरने गेलेला. उरली होती ओल्गा. १९०२मध्ये ती काकांकडे सेंट पीटर्सबर्गला गेली असताना तिला टायफॉइड झाला. घरी आणली, पण ती सावरली नाही. शेवटच्या दिवसांत तिने वडिलांना ‘येनूफा’ वाजवून दाखवायला सांगितलं, कारण पुरा झालेला ऐकायला आपण नसणार हे तिला कळलं होतं. त्याने सगळा ऑपेरा तिला पियानोवर वाजवून दाखवला. २६ फेब्रुवारी १९०३ रोजी ती गेली, वय २०. त्या दिवसांतलं तिचं बोलणं, शेवटच्या श्वासापर्यंत, त्याने वहीत स्वरांत लिहून ठेवलेलं आहे.

हे वाचून कुणाला धक्का बसतो, कुणाला तो निर्दयपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. ध्वनिमुद्रण नाही, मुलीचा आवाज कायमचा जातोय. जपून ठेवण्याचा त्याला येत असलेला हा एकच मार्ग होता. पुढच्या महिन्यात ‘येनूफा’ पुरा झाला आणि त्याने तो तिच्या स्मृतीला अर्पण केला.

बारा वर्षांचा दरवाजा

२१ जानेवारी १९०४ला ब्र्नोत पहिला प्रयोग झाला. तिथल्या लोकांनी उचलून धरला. पण ब्र्नो म्हणजे प्रांतातलं शहर, वाद्यवृंद तुटपुंजा. नाव व्हायचं तर प्रागचं राष्ट्रीय रंगमंदिर हवं. तिथे संगीताची सूत्रं कारेल कोव्हारझोव्हिट्स यांच्याकडे होती, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी यानाचेकने त्यांच्या एका ऑपेरावर जहाल टीका लिहिली होती. नकार आला. तो बारा वर्षं टिकला.

शेवटी काही स्नेह्यांनी मध्यस्थी केली आणि २६ मे १९१६ रोजी प्रागला ‘येनूफा’ उभा राहिला, पण एका अटीवर: वाद्यसंयोजनात कोव्हारझोव्हिट्स दुरुस्त्या करतील. त्यांनी मोकळ्या जागा भरल्या, कडा गुळगुळीत केल्या. प्रयोग प्रचंड गाजला. काफ्काचे मित्र माक्स ब्रोड यांनी तो पाहिला, जर्मन भाषांतर केलं, १९१८मध्ये व्हिएन्ना, १९२४मध्ये बर्लिन आणि न्यूयॉर्क. ६२व्या वर्षी यानाचेक देशभर आणि मग जगभर माहीत झाला, पण दुसऱ्याच्या हाताने गुळगुळीत झालेल्या रूपात. मूळ वाद्यसंयोजनाकडे परत जाण्याचं काम कंडक्टर चार्ल्स मॅकेरस आणि अभ्यासक जॉन टायरेल यांनी कितीतरी दशकांनंतर केलं.

या बारा वर्षांतली एक हकीगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १ ऑक्टोबर १९०५ला ब्र्नोत चेक विद्यापीठ हवं म्हणून निदर्शनं चालली होती. सैनिकाची संगीन लागून फ्रान्तिशेक पाव्लीक हा कामगार मेला. यानाचेकने त्याच्यासाठी पियानो सोनाटा लिहिला, नाव दिलं फक्त ती तारीख. १९०६मध्ये पहिल्या वादनाच्या तोंडावर त्याला तिसरा भाग नकोसा वाटला आणि त्याने तो जाळला. पुढे प्रागमध्ये उरलेले दोन भागही व्हल्टावा नदीत फेकून दिले. पण पियानोवादक लुडमिला तुच्कोव्हा यांनी त्या दोन भागांची नक्कल उतरवून ठेवली होती. त्याच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी ती पुढे आणली म्हणून आज तो सोनाटा आपल्याला ऐकता येतो. पहिल्या भागाला नाव आहे ‘चाहूल’, दुसऱ्याला ‘मृत्यू’. दोन्ही मिळून साधारण बारा-तेरा मिनिटं. पियानोवर माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टींपैकी ही एक.

साठीनंतरचा पूर

आता यानाचेकच्या आयुष्यातलं सगळ्यात विलक्षण प्रकरण. ज्या रचनांसाठी आज तो ओळखला जातो, त्यातल्या बहुतेक त्याने ६३ ते ७४ या वयात लिहिल्या. प्रागचं यश मिळालं होतं. २८ ऑक्टोबर १९१८ला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, आणि आयुष्यभर चेक अभिमान जपलेल्या या माणसाला आपल्या शहराच्या रस्त्यांत वेगळाच उजेड दिसू लागला. आणि १९१७च्या उन्हाळ्यात लुहाचोव्हित्से या झऱ्यांच्या गावी त्याला कामिला श्टोस्लोव्हा भेटली.

ती २५ वर्षांची, विवाहित, दोन मुलांची आई. तो ६३चा. संगीतात तिला फारसा रस नव्हता, पत्रांना उत्तरंही त्रोटक आणि कधीमधी. त्याने मात्र पुढच्या अकरा वर्षांत तिला सातशेहून जास्त पत्रं लिहिली. झ्डेंकाला याचा किती त्रास झाला हे तिने नवऱ्याच्या पश्चात सांगितलेल्या आठवणींत आहे. कामिलावरचं त्याचं प्रेम बरंचसं त्याच्या कल्पनेत घडलं, आणि तिथून ते संगीतात गेलं. ‘कात्या काबानोव्हा’ या ऑपेरातली संसारात घुसमटलेली कात्या म्हणजे आपल्या मनात तूच, असं तो तिला कळवायचा. दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचं नावच ‘खासगी पत्रं’. तो त्याने १९२८च्या सुरुवातीला तीनेक आठवड्यांत लिहिला. चार वाद्यं, आणि त्यात एक म्हातारा माणूस लाजतो, ओरडतो, विनवण्या करतो, नाचतो. इतकं उघडं संगीत मी दुसरं ऐकलेलं नाही.

याच काळात तो कोऱ्या कागदावर स्वतः हाताने पाच रेघा ओढून लिहू लागला. छापील कागदावर सगळ्या वाद्यांच्या ओळी तयार असतात, आणि रिकामी ओळ दिसली की भरायचा मोह होतो. हाताने ओढायचं तर ज्या वाद्याला खरंच काही म्हणायचंय त्याच्यापुरतीच रेघ. सुरुवातीला म्हटलेली मधली मोकळी जागा अशी तयार झाली.

‘धूर्त कोल्हीण’ या ऑपेराचा जन्म तर घरातल्या हसण्यातून झाला. ब्र्नोच्या ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या दैनिकात चित्रांसह एक गोष्ट क्रमशः येत होती: रानपालाने पकडून आणलेली कोल्ही, तिचं पळून जाणं, प्रेम, पिल्लं. घरकाम सांभाळणाऱ्या मारी स्टेयस्कालोव्हा ती वाचून हसत सुटल्या, यानाचेकने काय झालं म्हणून विचारलं, आणि त्याला विषय मिळाला. वर्तमानपत्रातली गोष्ट कोल्हीच्या लग्नावर संपते. यानाचेकने ती पुढे नेली. त्याच्या ऑपेरात कोल्हीला गोळी लागते, आणि जग चालू राहतं. शेवटी म्हातारा रानपाल रानात त्याच जागी येऊन डुलकी घेतो. पहिल्या अंकात जसा एक बेडूक त्याच्या अंगावर उडी मारून आला होता तसाच आताही येतो. पुन्हा तूच का, म्हणून तो विचारतो तर बेडूक तोतरं बोलत सांगतो: तो मी नव्हतो, ते माझे आजोबा, त्यांनी मला तुमच्याबद्दल सांगितलं होतं. यानाचेकच्या अंत्ययात्रेच्या वेळी याच शेवटच्या प्रवेशातलं संगीत वाजवलं गेलं.

कारेल चापेकच्या नाटकावरचा ‘माक्रोपुलोस प्रकरण’ हाही याच वर्षांतला: ३३७ वर्षं जगून कंटाळलेल्या गायिकेची गोष्ट. ‘सिन्फोनिएटा’ १९२६ची, ब्र्नोतल्या किल्ल्याला, मठाला, रस्त्याला, नगरभवनाला वाहिलेली, आणि सुरुवातीला-शेवटी नऊ जादा ट्रम्पेट्सचा गजर. ‘ग्लागोलिटिक मास’, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या शब्दांची रचना, त्याच वर्षी लिहिलेला. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रसारकांनी मोराव्हियात आणलेल्या जुन्या स्लाव्ह भाषेत, लॅटिनमध्ये नाही. एका समीक्षकाने लिहिलं की हा म्हातारा आता श्रद्धाळू झाला. यानाचेकने उलट टपाली कळवलं: म्हाताराही नाही, श्रद्धाळूही नाही.

आणि भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट. जून १९२१मध्ये रवींद्रनाथ ठाकूर प्रागला आले होते. यानाचेक त्यांच्या व्याख्यानाला गेला. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. त्याने ठाकुरांच्या बोलण्याचा सूर टिपून घेतला आणि त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला. पुढच्या वर्षी ठाकुरांच्या एका कवितेच्या चेक भाषांतराला त्याने चाल दिली, मुख्यतः पुरुषांच्या समूहासाठी. कविता परीस शोधत भटकणाऱ्या वेड्याची आहे. एक मुलगा त्याला विचारतो, कमरेची ही साखळी सोन्याची कशी झाली? म्हणजे परीस हातात येऊन गेला होता आणि त्याने सवयीने फेकून दिला होता. मुलाचा तो प्रश्न यानाचेकने एकट्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतल्या स्त्री-आवाजाला दिला आहे. जाडजूड पुरुषी आवाजांच्या मधून तो वर येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

शेवटचा ऑपेरा आणि पुन्हा दुरुस्ती

ऑगस्ट १९२८मध्ये कामिला मुलासह हुक्वाल्दीला आली होती. मुलगा रानात हरवला असं वाटून यानाचेक त्याला शोधत हिंडला, गारठला, न्यूमोनिया झाला. १२ ऑगस्टला ओस्ट्राव्हाच्या रुग्णालयात तो गेला, वय ७४. दोस्तोयेव्स्कीच्या सैबेरियातल्या तुरुंगाच्या आठवणींवरचा ‘मृतांच्या घरातून’ हा ऑपेरा त्याने जवळजवळ पुरा करून ठेवला होता. त्याला नायक नाही. कैदी एकेक करून आपला गुन्हा सांगतात, बाकीचे ऐकतात किंवा ऐकत नाहीत. वाद्यांत बेड्यांच्या साखळ्यासुद्धा आहेत.

त्याच्या शिष्यांना हस्तलिखित पाहून वाटलं की हे अर्धवट राहिलंय. एवढ्या रिकाम्या जागा कोण ठेवतं? त्यांनी वाद्यं भरली आणि शेवटाला स्वातंत्र्याचा उत्साही समूहस्वर जोडला. १९३०चा पहिला प्रयोग तसाच झाला. यानाचेकच्या मूळ शेवटात कैदी जखमी गरुडाला सोडून देतात, पहारेकरी कामावर हाकलतो आणि साखळ्यांसह कूच सुरू होते. आता बहुतेक ठिकाणी मूळच करतात, आणि ते किती जास्त परिणामकारक आहे हे ऐकल्यावर लगेच पटतं. प्रेमाने, आदराने केलेली ही दुरुस्तीही शेवटी त्याच मोकळ्या जागांना घाबरून केलेली होती, कोव्हारझोव्हिट्ससारखीच.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? ‘सिन्फोनिएटा’ पंचवीसेक मिनिटांची आहे आणि तिला कसलीही तयारी लागत नाही. त्यानंतर पियानोच्या ‘झाडोऱ्यातल्या पायवाटेवर’ या मालिकेतले छोटे तुकडे. यातले काही ओल्गाच्या आठवणीतले आहेत. ऑपेराकडे वळताना मात्र अख्खा ‘येनूफा’ एकदम घेऊ नका. फक्त दुसरा अंक घ्या, मॅकेरसने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणात, येनूफाच्या भूमिकेत एलिझाबेथ सोडरस्ट्रोम. चेक शब्द आणि त्यांचं भाषांतर समोर ठेवून एकदा ऐका, मग कागद बाजूला ठेवून दुसऱ्यांदा. कोस्तेल्निच्का कुठे खोटं बोलतेय हे दुसऱ्या वेळी शब्द न वाचताही कळतं.